अकरा पावलं

दादा खुळखुळा वाजवायचे.
वादकांच्या यादीत अगदी तळाशी
"साइड ऱ्हिदम : केळुसकर",
कधी नुसतंच "साइड ऱ्हिदम : एक".

ताडदेवच्या त्या स्टुडिओत माइक एकच.
गाणाऱ्या बाई त्याच्या तोंडाशी,
बासरी दोन हातांवर, व्हायोलिनं तिरकी भिंतीकडे,
आणि दादा पार मागं, दारापाशी, अकरा पावलांवर.
केकीसाहेब काचेआडून बोट हलवायचे,
केळुसकर, अजून जरा मागे.
आवाज कमी करायचं बटण
म्हणजे दादांचे पाय.

टेकच्या आधी पंखे बंद.
साठ माणसं घामानं निथळत.
एक चुकला की साठांनी पहिल्यापासून.
अठराव्या टेकला कुणाचा तरी सूर किंचित उतरला,
तो तसाच राहिला,
कारण आधीचे सतरा त्याहून वाईट होते
आणि जेवणं निवत होती.
त्यालाच लोक आता सोन्याचा काळ म्हणतात.
मीही म्हणते.

म्हणते, कारण त्या तबकडीत
दुसरा अंतरा संपता संपता
एक कावळा आहे.
दार नीट लागत नसे.
माहीमच्या खोलीत आम्ही तिघी बहिणी
त्याच्यासाठी गाणं ऐकायचो.
सुई कधी उडायची, बाईंचा शब्द गिळायची,
कावळा मात्र चुकला नाही.

मग ओशिवऱ्याला नवा स्टुडिओ निघाला.
दादा एकसष्ट वर्षांचे,
काचेच्या कपाटात एकटे, कानांवर डबडी.
गाणारा मंगळवारी येणार होता.
व्हायोलिनं तर आलीच नाहीत,
ती एका पेटीतून निघाली.

घरी आल्यावर मी म्हटलं, किती ओकंबोकं वाटलं असेल.
दादा सार ओरपत म्हणाले,
"एसी होता गं."
मग ताट उचलताना,
"आणि माइक नाकासमोर.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

ती कॅसेट त्यांनी मजल्यावर सगळ्यांना ऐकवली.
गाणं टुकार. शब्दांचं तर नावच नको.
पण खुळखुळ्यातला दाणा न् दाणा मोजता येत होता
आणि दादा डोळे मिटून मोजत होते.
मी वाद घातला, जुन्यातला जीव कुठे, हे कुठे.
ते म्हणाले,
"तुम्ही समोर बसून ऐकलंत.
मी मागं उभा होतो."

यावर काय बोलणार.
बोललेच मी, पुष्कळ बोलले, वर्षानुवर्षं.
त्यांच्यानंतरही.

परवा निहारनं ती तबकडी धुऊन काढली,
म्हणजे मालाडला, संगणकात.
खरखर गेली. बंद पंख्यांच्या खोलीतली
ती जाड हवा गेली.
कावळा गेला.
मी तोंड उघडणार इतक्यात तो म्हणाला,
थांब, हे ऐक.

व्हायोलिनांच्याही पलीकडे
कुणी मूठभर तांदूळ सुपात हलवावेत तसं,
छिक् छिक्, छिक् छिक्,
एकदाही न ढळता.
बावन्न वर्षं ते तिथंच होतं.

म्हटलं, आता कावळा परत घाल.
तो म्हणाला, घालतो, पण मग आजोबा जातील.
दोघं एकाच पट्ट्यात बसलेत.

दोन्ही फोनमध्ये आहेत.
कुठलं बरं, हे बहिणी विचारतात,
मी म्हणते, पोळ्या करपतायत, ठेवते.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं.
फोन ओट्यावर ठेवला, जुनंच लावलं,
आणि पाठ न वळवता मागं मागं मोजत गेले.
आमच्या घरात नवव्या पावलाला भिंत लागते.
म्हणून दाराकडे वळून पुन्हा मोजलं,
नऊ, दहा,
अकरावं लिफ्टसमोरच्या फरशीवर.

इथून बाईंचा आवाज
जेमतेम, असल्यासारखा.
एवढ्यावर ते ताल धरायचे.